भोसरीतून आयएसआय परवाना: सेवा कशी आहे आणि गाडी कुठे अडते

भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा परवाना आता छोट्या कारखानदाराच्या आवाक्याबाहेरचा राहिलेला नाही. अर्ज ऑनलाइन होतो, फी जाहीर आहे, पुण्यात ब्युरोचे शाखा कार्यालय आहे आणि बहुतेक भारतीय मानके पोर्टलवरून फुकट उतरवून घेता येतात. तरीही एका गाळ्यातले काम दोन-तीन महिन्यांत उरकते आणि शेजारच्या गाळ्यातले वर्षभर रेंगाळते. हा फरक कार्यालयात फार थोडा पडतो. तो पडतो कारखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे चाचणीची यंत्रे ठेवलेली असतात किंवा असायला हवी होती. म्हणून या परीक्षणात पोर्टल आणि कार्यालयाइतकीच जागा त्या खोलीला दिली आहे.

उदाहरणाला घरगुती वायर घेतली आहे: तांब्याची, पीव्हीसी इन्सुलेशनची, १.५ चौरस मिलिमीटरची. तिचे मानक आयएस ६९४. या वायरला २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशापासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, त्यामुळे परवान्याशिवाय ती बनवून विकताच येत नाही. भिंतीत एकदा गाडली की ती पंचवीस-तीस वर्षे कुणी उघडून बघत नाही. वस्तू तपासण्याची संधी फक्त कारखान्यात असते, आणि या सेवेचे मोल तिथेच कळते.

आधी हे ठरवा: परवाना लागतो का, आणि कोणता

वस्तूला सक्ती करणारा आदेश बीआयएस काढत नाही, संबंधित मंत्रालय काढते. बीआयएस फक्त त्याची अंमलबजावणी करते. त्यामुळे 'सक्ती कधीपासून' याचे उत्तर राजपत्रातल्या अधिसूचनेत शोधायचे, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये नाही. तारखा पुढे ढकलल्या जातात, लघु आणि सूक्ष्म उद्योगांना बऱ्याच आदेशांत अनुक्रमे तीन आणि सहा महिने जास्त मिळतात, आणि काही वेळा सक्ती उठतेही. बाटलीबंद पाण्याचे उदाहरण ताजे आहे. आयएस १४५४३ चा परवाना त्याला अन्नसुरक्षा नियमांखाली वर्षानुवर्षे बंधनकारक होता. ती अट ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली गेली.

वायर, स्विच, सॉकेट, प्रेशर कुकर, हेल्मेट, खेळणी ही सगळी स्कीम-१ ची मंडळी, म्हणजे आयएसआय चिन्हाची. कारखान्याची तपासणी, स्वतःची प्रयोगशाळा, मार्किंग फी हे सगळे यांना लागू. मोबाइल चार्जर, पॉवर बँक, एलईडी ड्रायव्हर यांसारख्या वस्तू स्कीम-२ मध्ये येतात. तिथे आयएसआय चिन्ह नसते, 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. यंत्रसामग्रीसाठी स्कीम-एक्स वेगळी. पुण्यात यंत्रे बनवणारे खूप आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगायचे: त्यांनी स्कीम-१ ची कागदपत्रे जमवत बसू नये.

पोर्टल आणि फी

मानक ऑनलाइन पोर्टलला पाचपैकी साडेतीन. अर्ज, फी, शंका, उत्तर, परवाना हे सगळे एकाच खात्यात दिसते आणि कारखान्याच्या पत्त्यावरून अर्ज आपोआप योग्य शाखेकडे जातो. अर्धा गुण कापला तो शंकांच्या भाषेसाठी. 'चाचणी उपकरणांची यादी अपूर्ण' एवढीच ओळ येते, कोणते उपकरण ते नसते. तेव्हा प्रॉडक्ट मॅन्युअलमधली यादी आणि आपली यादी शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहण्याला पर्याय नाही. उरलेला एक गुण मराठीसाठी. प्रॉडक्ट मॅन्युअल इंग्रजीत आहे, आणि प्रत्यक्ष चाचणी करणारा मुलगा बहुतेक वेळा आयटीआय करून आलेला असतो. कारखानदाराने निदान चाचणीच्या पायऱ्या मराठीत लिहून भिंतीवर लावाव्यात.

फीबद्दल तक्रारीला जागा कमी. अर्जाचे १,००० रुपये, तपासणीचे एका अधिकाऱ्याच्या एका दिवसाला ७,००० रुपये, परवान्याचे वर्षाला १,००० रुपये, वर जीएसटी. अर्ज भरताना पोर्टलवर दिसेल तो आकडा अंतिम समजायचा. खरा खर्च मार्किंग फीचा. ती वस्तूनुसार ठरते: चिन्ह लावून काढलेल्या मालाच्या प्रमाणात किंवा ठरलेली किमान रक्कम, यांत जे जास्त ते. किमान रकमेवर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ५० टक्के, मध्यमला २० टक्के सूट आहे. समजा एखाद्या वस्तूची किमान फी वर्षाला १ लाख आहे. सूक्ष्म उद्योग २० हजार भरेल, लघु ५० हजार, मध्यम ८० हजार.

इथे वायरवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत अडीच कोटी आणि उलाढालीत १० कोटी आहे. दोन्हींत बसले तरच सूक्ष्म. वायरच्या धंद्यात यंत्रे थोडी आणि तांबे महाग. दोन एक्स्ट्रूडरचा (तारेवर पीव्हीसी चढवणाऱ्या यंत्रांचा) कारखानाही केवळ तांब्याच्या भावामुळे १० कोटींची उलाढाल ओलांडू शकतो. मग सूट ८० वरून ५० टक्क्यांवर येते. उद्यम प्रमाणपत्र जुने असेल तर अर्जाआधी ते अद्ययावत करून घ्यावे. वर्ग चुकीचा दाखवला तर फरकाची रक्कम नंतर मागितली जाऊ शकते.

दोन वाटा

परवाना मिळवण्याच्या वाटा दोन. पहिल्या, सोप्या वाटेत आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पूर्ण चाचणी अहवाल घ्यायचा, तो जोडून अर्ज करायचा, मग अधिकारी कारखान्याला भेट देतात. सगळे नीट असेल तर ३० दिवसांत परवाना, असे ब्युरोचे उद्दिष्ट आहे. दुसऱ्या वाटेत आधी अर्ज, मग तपासणी, मग अधिकाऱ्याने सील केलेला नमुना प्रयोगशाळेकडे. तिचे उद्दिष्ट १२० दिवसांचे. काही वस्तूंना सोपी वाट बंद आहे, तेव्हा मार्गदर्शक सूचना आधी पाहाव्यात.

जिथे सोपी वाट उघडी आहे तिथे तीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिवस वाचतात हे एक कारण. मोठे कारण असे की नमुना नापास झालाच तर तो अर्जाआधी होतो. दोष सुधारून दुसरे कॉइल पाठवता येते आणि अर्जाचे घड्याळ सुरूच झालेले नसते. मात्र या वाटेत नमुना तुम्ही निवडता, आणि तिथेच मोह होतो. खास जाड तांबे वापरून एकच 'चांगले' कॉइल बनवायचे आणि ते पाठवायचे. अहवाल सुंदर येतो. मग अधिकारी येतात, चालू लाइनवरचा तुकडा कापतात, तुमच्याच यंत्रावर तुमच्याच माणसाकडून प्रतिरोध मोजून घेतात, आणि आकडे जुळत नाहीत.

प्रॉडक्ट मॅन्युअल हेच खरे पुस्तक

प्रत्येक मानकासाठी ब्युरोने प्रॉडक्ट मॅन्युअल काढले आहे आणि ते वेबसाइटवर मोफत मिळते. या सेवेतला सर्वांत चांगला भाग कोणता विचाराल तर हा. नमुना किती द्यायचा, कोणत्या आकाराच्या चाचणीवर कोणते आकार परवान्यात घेता येतात, कोणती उपकरणे लागतात, कोणती चाचणी किती मालामागे किती वेळा करायची, हे सगळे त्यात आहे. शेवटच्या भागाला तपासणी आणि चाचणी योजना म्हणतात. कारखान्यात सगळे तिला 'एसआयटी'च म्हणतात.

नवख्यांची पहिली चूक इथे होते. १.५ चौरस मिमीचा एकच नमुना तपासून घेतात आणि अर्जात ०.७५ पासून ६ पर्यंत सगळे आकार, साधी आणि एफआर (आगीला रोध करणारी), एकपदरी आणि तीनपदरी असे सगळे मागतात. गटवारीत न बसणारा भाग कापला जातो किंवा अर्ज शंकेत अडकतो. आधी बाजारात खरेच विकायचे तेवढेच आकार घ्यावेत. व्याप्ती नंतर वाढवता येते, त्यासाठी वेगळा अर्ज असतो.

तांबे, तापमान आणि ०.५३ मिलिमीटर

आता खरे घोडे पेंड खाते ती जागा. वायर 'दीड'ची आहे असे म्हणताना मानक चौरस मिलिमीटर मोजत नाही, कंडक्टरचा प्रतिरोध मोजते. लवचिक, म्हणजे वर्ग ५ च्या साध्या तांब्याच्या १.५ चौरस मिमी कंडक्टरचा प्रतिरोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे १३.३ ओहमपेक्षा जास्त नसावा. वर्ग २ च्या कंडक्टरला ही मर्यादा १२.१ आहे.

नेहमीची रचना ०.२५ मिमीच्या ३० तारांची. क्षेत्रफळ भरते सुमारे १.४७ चौरस मिमी. तारांना पीळ असल्याने त्यांची लांबी वायरीपेक्षा दोन-तीन टक्के जास्त असते. तो हिशेब धरून प्रतिरोध १२.१ च्या आसपास येतो आणि हातात चांगली जागा राहते. भाव चढले की तार ०.२४ वर आणतात. क्षेत्रफळ १.३६ होते आणि प्रतिरोध सुमारे १३.१. कागदावर पास. पण तांबे भंगारातून वितळवलेले असेल आणि त्याची वाहकता ९७ टक्केच भरली, तर तोच आकडा १३.५ होतो आणि नमुना पडतो. बंचिंग मशीनचा, म्हणजे तारा एकत्र पिळणाऱ्या यंत्राचा ब्रेक घट्ट असला तर तार ओढली जाऊन आणखी बारीक होते. ०.२३ च्या तारेला तर शुद्ध तांबेही वाचवत नाही, प्रतिरोध १४ च्या वर जातो. म्हणून तार घेताना तिचा व्यास तर मोजावाच, शिवाय पुरवठादाराकडून वाहकतेचा अहवाल लॉटमागे मागावा. आणि मायक्रोमीटर बंचिंगच्या आधी जितका लावता तितकाच नंतरही लावावा.

यात आणखी एक फसवा भाग आहे: मोजताना खोलीचे तापमान. तांब्याचा प्रतिरोध उष्णतेने वाढतो, म्हणून मोजलेला आकडा २० अंशांवर आणावा लागतो. सूत्र सोपे आहे: मोजलेला प्रतिरोध गुणिले २५४.५, भागिले (२३४.५ अधिक खोलीचे तापमान). ३२ अंशांत १३.९ ओहम मोजले तर नापास वाटते, पण २० अंशांवर ते १३.२७ येते, म्हणजे पास. उलट बाजू जास्त धोक्याची. जानेवारीत भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी १५ अंश असतात. तेव्हा १३.२ मोजले तर रजिस्टरमध्ये खुशाल 'पास' लिहिले जाते. २० अंशांवर तेच १३.४६ होते. हिवाळ्यात कारखान्यात पास झालेला माल प्रयोगशाळेत पडतो, त्यामागे पुष्कळदा एवढेच असते. मोजण्याआधी तुकडा खोलीच्या तापमानाला पुरेसा वेळ ठेवावा आणि थर्मामीटर प्रतिरोध मोजणाऱ्या यंत्राशेजारी टांगावा, दाराशी नाही.

दुसरा बळी इन्सुलेशनच्या जाडीचा. १.५ च्या वायरला सरासरी ०.७ मिमी हवी. शिवाय कुठल्याही एका जागी ती ०.५३ मिमीच्या खाली जाता कामा नये (०.७ चे ९० टक्के वजा ०.१). सरासरी पाळली जाते, सर्वांत पातळ जागा पाळली जात नाही. कारण क्रॉसहेडमधली, म्हणजे तारेवर पीव्हीसी चढते त्या भागातली टिप आणि डाय एका मध्यावर नसतात. एका बाजूला ०.९, दुसऱ्या बाजूला ०.५, सरासरी बरोबर ०.७, आणि नमुना नापास. कापलेला छेद सूक्ष्मदर्शकाखाली किंवा प्रोफाइल प्रोजेक्टरवर सहा ठिकाणी मोजल्याशिवाय हे कळत नाही. साध्या कॅलिपरने बाहेरचा व्यास मोजून भागवणाऱ्यांना ही चूक कधीच दिसत नाही. लाइन सुरू करताना आणि डाय बदलल्यावर लगेच एक छेद बघण्याची सवय लावली तर पीव्हीसीही वाचते, कारण सगळीकडे जाडी वाढवून दोष झाकावा लागत नाही.

एफआर वायरला ऑक्सिजन इंडेक्स, म्हणजे पीव्हीसी जळत राहायला लागणारा ऑक्सिजनचा टक्का, किमान २९ लागतो. स्वस्त कंपाउंडमध्ये चुन्याची भर जास्त असते. तशा कंपाउंडची वायर ताण आणि लांबणीच्या चाचणीत आधी पडते, ओव्हनमधून निघाल्यावर तर हमखास.

ओव्हन आणि गुरुवार

कारखान्यात लागणाऱ्या उपकरणांची यादी लांब आहे: प्रतिरोध मोजणारा केल्विन ब्रिज किंवा डिजिटल मायक्रो-ओहम मीटर, मापन सूक्ष्मदर्शक, टेन्साइल मशीन (तुकडा ओढून तोडणारे) आणि डंबेलच्या आकाराचा तुकडा कापायची डाय, हवा फिरणारा एजिंग ओव्हन (इन्सुलेशन दिवसेंदिवस तापवून ते किती टिकते हे बघायला), हॉट डिफॉर्मेशनचे उपकरण, हीट शॉकचे मँड्रेल, थंड चाचणीची पेटी, उच्चदाब टेस्टर पाण्याच्या टाकीसह, इन्सुलेशन रेझिस्टन्स मीटर, ज्वलन चाचणीची पेटी, सूक्ष्म तराजू, आणि लाइनवर स्पार्क टेस्टर. एफआरसाठी ऑक्सिजन इंडेक्सचे उपकरणही. काही चाचण्या बाहेरून करून घेण्याची सवलत मिळू शकते. तिचे निकष ब्युरोच्या सूचनांत आहेत. पण रोजच्या चाचण्या घरातच झाल्या पाहिजेत.

ओव्हनमधली एजिंग चाचणी सात दिवसांची, म्हणजे सलग १६८ तास. आता पुणे-पिंपरी पट्ट्यातली औद्योगिक सुट्टी गुरुवारी, आणि महावितरणची देखभालीची कामेही शक्यतो त्याच दिवशी. कोणत्याही सात दिवसांत एक गुरुवार येतोच. वीज चार तास गेली, ओव्हन थंड झाला, कुणी पाहिले नाही, संध्याकाळी वीज आली आणि रजिस्टरमध्ये १६८ तास पूर्ण. अशी चाचणी निरर्थक आहे. ओव्हनपुरता इन्व्हर्टर किंवा जनरेटरची लाइन घ्यावी आणि एक तापमान नोंदवणारा डेटा लॉगर बसवावा. त्याचा आलेख हा अधिकाऱ्यांसमोर ठेवण्यासारखा सर्वांत भक्कम पुरावा.

उपकरणांचे कॅलिब्रेशन (अचूकतेची पडताळणी) एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे हवे. पुण्यात अशा प्रयोगशाळा बऱ्याच आहेत. प्रमाणपत्र घेताना कोणत्या बिंदूंवर कॅलिब्रेशन झाले ते वाचावे. ओव्हन ज्या तापमानाला चालवायचा तो बिंदू प्रमाणपत्रात नसेल, किंवा टेन्साइल मशीन १,००० न्यूटनच्या पट्ट्यात तपासले आणि पातळ पीव्हीसीचा डंबेल त्याच्या तळाच्या टोकालाच तुटत असेल, तर ते प्रमाणपत्र असून नसल्यासारखे.

बाहेरची प्रयोगशाळा निवडताना

ब्युरोच्या 'लिम्स' पोर्टलवर मानकाचा क्रमांक टाकला की कोणती प्रयोगशाळा ते तपासते, किती फी घेते आणि कोणती चाचणी तिच्याकडे नाही हे दिसते. शेवटचा रकाना न बघता कॉइल देणारे फसतात. एखादी चाचणी वगळलेली असली की अहवाल अपुरा राहतो आणि त्या एका चाचणीसाठी दुसऱ्या प्रयोगशाळेची वाट धरावी लागते. ब्युरोची स्वतःची पश्चिम विभागाची प्रयोगशाळा मुंबईत अंधेरीला आहे. पुण्यात शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या आवारात केंद्र सरकारचे ईटीडीसी हे इलेक्ट्रॉनिक्स चाचणी केंद्र आहे, ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या जास्त उपयोगाचे. वाहनांच्या भागांसाठी कोथरूडची एआरएआय आहेच. कोणाकडे जायचे ते नावावरून ठरवू नये, लिम्सवरची आजची स्थिती पाहून ठरवावे, कारण मान्यता बदलत राहते.

नमुन्यावर आयएसआय चिन्ह छापलेले नसावे. परवान्याआधी चिन्ह छापणे हा गुन्हाच आहे, 'नमुन्यापुरते छापले' ही सबब चालत नाही. त्याच बॅचचे दुसरे कॉइल सही करून कारखान्यात राखून ठेवावे. प्रयोगशाळेत नापास झाला तर तोच तुकडा घरच्या यंत्रावर तपासता येतो आणि चूक मालात आहे की आपल्या मोजमापात हे कळते. अहवाल हातात आला की तीन गोष्टी तिथेच पाहाव्यात: मानकाचे वर्ष आणि दुरुस्त्यांचे क्रमांक, नमुन्याचे वर्णन अर्जातल्या वर्णनाशी शब्दशः जुळते का, आणि मानकातली एकही चाचणी सुटली नाही ना. एजिंगचे सात दिवस धरून अहवाल तीन आठवड्यांच्या आत येईल, या भरवशावर कुठल्या ग्राहकाला माल देण्याची तारीख देऊ नये.

तपासणीचा दिवस

शाखा कार्यालयाला चार गुण. भेटीची तारीख पोर्टलवरून कळते, प्रश्न मानकाला धरून असतात. सरकारी कार्यालय शनिवार-रविवार बंद आणि तुमचा कारखाना गुरुवारी, म्हणजे भेटीला सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार हेच दिवस उरतात. त्या दिवशी लाइन चालू हवी, कच्चा माल हवा आणि क्वालिटीचा माणूस जागेवर हवा. फक्त कागदावर नेमलेला माणूस तापमान दुरुस्तीचे सूत्र विचारले की उघडा पडतो. चाचणी त्यानेच करायची असते, मालकाने किंवा सल्लागाराने शेजारी उभे राहून उत्तरे द्यायची नसतात.

कागदांत सर्वांत जास्त अडवतो तो पत्ता. परवाना कंपनीला मिळतो खरा, पण त्या एका जागेपुरता. वीजबिलावर प्लॉट नंबर, जीएसटीवर गट नंबर, उद्यमवर राहत्या घराचा पत्ता आणि भाडेकरारावर मूळ मालकाचा गाळा क्रमांक, अशी चौघांची चार तोंडे असतील तर अर्जाआधीच एकसारखी करून घ्यावीत. भाड्याच्या शेडमध्ये असाल तर करार पुरेशा मुदतीचा हवा. जागा बदलली की नव्या जागेची पुन्हा तपासणी होते.

रजिस्टरबद्दल एकच. महिनाभर रोज १२.०५ ओहम लिहिलेले पान खोटे आहे हे अनुभवी डोळ्याला पानाच्या दुसऱ्या ओळीतच कळते. खऱ्या मोजमापात आकडे हलतात, मधूनच एखादे कॉइल पडते आणि त्यापुढे 'भंगारात' असा शेरा असतो. असे पान दाखवायला लाजू नये. त्याने विश्वास वाढतो.

सल्लागार घ्यावा का

पोर्टलवरचा अर्ज भरून देण्यासाठी नको. ते काम दोन दिवसांत घरचा माणूस करतो. 'परवान्याची हमी' देणाऱ्याकडे तर जाऊच नये, कारण ती हमी त्याच्या हातात नाही. प्रयोगशाळा उभारून देणारा, क्वालिटीच्या माणसाला महिनाभर हाताखाली धरून चाचण्या शिकवणारा सल्लागार मिळाला तर मात्र त्याचे पैसे वसूल होतात. कोणालाही घेतले तरी पोर्टलच्या खात्यात ईमेल आणि मोबाइल स्वतःचाच टाकावा. सल्लागाराचा नंबर टाकला की नूतनीकरणाची सूचना त्याला जाते. त्याच्याशी बिनसले की तुमच्या परवान्याची मुदत तुमच्या नकळत संपते, आणि मुदत संपल्यावर चिन्ह छापत राहणे म्हणजे विनापरवाना छापणे.

स्कीम-२ वाल्यांसाठी थोडक्यात: नोंदणीआधी कारखान्याची भेट नसते, भिस्त सगळी चाचणी अहवालावर. अहवाल निघाल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज झाला पाहिजे. एलईडी ड्रायव्हरसारख्या वस्तूत कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मरचा पुरवठादार परस्पर बदलणे ही नेहमीची चूक. अहवालात महत्त्वाच्या घटकांची यादी असते आणि बाजारातला नमुना तिच्याशी ताडला जातो.

परवाना हातात आल्यावर

पहिला परवाना एक ते दोन वर्षांचा, नूतनीकरण पाच वर्षांपर्यंत. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवान्याचा क्रमांक, दोन्ही वाचता येतील असे. ग्राहक बीआयएस केअर अॅपमध्ये तो क्रमांक टाकून कारखान्याचे नाव आणि परवाना चालू आहे का ते बघू शकतो. तेव्हा पहिले लेबल छापायला जाण्याआधी स्वतःच तो टाकून पाहावा. छपाईत एक आकडा चुकला तर सगळा रोल वाया. किती मालावर चिन्ह लावले याचा हिशेब नूतनीकरणाला सीएकडून प्रमाणित करून द्यावा लागतो. तो महिन्याच्या महिन्याला मांडून ठेवला तर तेव्हा धावपळ होत नाही.

पुढचे नमुने दोन ठिकाणांहून घेतले जातात: कारखान्यातून आणि बाजारातून. बाजारातला नमुना म्हणजे बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाजवळच्या एखाद्या दुकानाच्या फळीवरचे तुमचेच ९० मीटरचे कॉइल, आठ महिन्यांपूर्वी बनलेले. ते नापास झाले तर चिन्ह लावणे थांबवायला सांगितले जाते, आणि कारण शोधून, दोष सुधारून, नवा नमुना पास झाल्यावरच पुन्हा सुरू करता येते. या सक्तीच्या थांब्यात कारखाना किती दिवस राहतो हे लेबलवरच्या बॅच क्रमांकावर अवलंबून असते. बॅचवरून तांब्याचा लॉट, कंपाउंडची गोणी, त्या दिवशीचा छेद आणि प्रतिरोधाचे पान दहा मिनिटांत निघाले, तर दोष त्या एका लॉटपुरता होता हे दाखवता येते आणि उरलेला माल कुठून परत मागवायचा तेही कळते. बॅच क्रमांकच नसेल, तर त्या आठ महिन्यांत बाहेर गेलेले प्रत्येक कॉइल संशयित ठरते.